एक नग, कोपरा तुटलेला

तारखा आधी देतो, म्हणजे पुढे कोणी असे म्हणायला नको की वृद्ध माणसाला काळाचे भान राहिले नाही.

पहिली: सुरतेतल्या प्लेगच्या आदल्या वर्षी, गणपती बसण्यापूर्वीचा शनिवार. त्या दिवशी वस्तू दिली गेली आणि पावती झाली. दुसरी: त्याच वर्षीची त्रिपुरी पौर्णिमा. त्या दिवशी ती वस्तू, निदान वस्तू म्हणून जे काही होते ते, एका अभिप्रायपत्रासह परत आले. तिसरी: त्यानंतरचा रविवार, मंडळाची मासिक सभा. चौथी: प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षीची आखाजी, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. इंग्रजी तारखा माझ्या डायऱ्यांत आहेत व मागणी झाल्यास सादर करीन. ज्यांच्याविषयी हे लिहीत आहे ते माझे घरमालक काळ असाच मोजत, म्हणून येथे तीच पद्धत ठेवली आहे.

जबाबदार व्यक्ती तीन. एक, सुरतेतील जुन्या वस्तूंच्या संग्राहकांच्या एका मंडळाचे अध्यक्ष. दोन, अभिप्रायपत्रावर सही करणारे मुंबईचे तज्ज्ञ, ज्यांचा चेहरा सुरतेत कोणी पाहिलेला नाही. तिसऱ्या व्यक्तीचा निर्देश योग्य ठिकाणी येईल. तो टाळला जाणार नाही. नावे देत नाही, कारण अब्रुनुकसानीचा कायदा मला पाठ आहे. ज्यांना ओळखायचे ते स्वतःला ओळखतील.

घरमालकांचे घर सुरतेच्या लिंबायत भागात होते आणि त्याच्या वरच्या खोलीत मी नऊ वर्षे भाड्याने राहिलो. खानदेशातून ते तरुणपणी सुरतेला आले आणि मागावर काम करता करता जेकार्डचे पत्ते पाडणारे कारागीर झाले. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेकार्डच्या मागावर नक्षी विणायची तर पुठ्ठ्याच्या लांबट पत्त्यांची माळ लागते. पत्त्यात जिथे भोक, तिथे उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथे तो खाली राहतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग एकेका ओळीचा एकेक पत्ता यंत्रावर पाडायचा. ते यंत्र खालच्या पुढच्या खोलीत होते आणि सकाळी सातपासून त्याचा खटका माझ्या पलंगाच्या पायात जाणवे.

"एक भोक चुकलं ना, वकीलसाहेब," ते सांगत, "तर ते कापड जन्मभर खोटं बोलतं. दर हातभर अंतरावर बोलतं."

मी वकील नव्हतो. एका वकिलांकडे कारकून होतो. हे मी त्यांना पुष्कळदा सांगितले, पण मी काळा कोट घालून जातो आणि कागद लिहितो एवढे त्यांना पुरे होते.

त्यांच्याइतका संशयी मनुष्य मी पाहिलेला नाही, आणि माझे आयुष्य न्यायालयाच्या आवारात गेले आहे. पाण्याच्या टाकीला दोन कुलुपे. विजेच्या मीटरच्या पेटीवर काळा धागा, त्याला त्यांच्या स्वतःच्या पद्धतीची गाठ. मीटर वाचणारा येऊन गेला की ते गाठ तपासत आणि ती त्यांचीच आहे असे दिसले तरी म्हणत, "हुशार आहे. माझी गाठ शिकला." दूधवाला मापात अंगठा बुडवतो आणि अंगठ्याएवढे दूध कमी घालतो, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांनी अंगठा मापाबाहेर ठेवण्याची लेखी नोटीस माझ्याकडून लिहून घेतली. दूधवाल्याने ती माझ्यासमोर दोनदा वाचली आणि विचारले, "मग माप धरू कशानं?" प्रश्न योग्य होता. नोटीस मागे घेतली गेली नाही.

ते डायरी लिहीत नसत, पाडत असत. दर वर्षाची पत्त्यांची एक माळ. ज्या दिवशी लक्षात ठेवण्याजोगे काही घडले, त्या दिवसाच्या जागी भोक. भाच्याचे लग्न, यंत्राची सुई मोडली, कोणी खोटे बोलताना सापडले. माळ खिडकीत उजेडासमोर धरून ते मला म्हणाले होते, "पाहा, हे वर्ष. किती थोडं घडलं." सर्व माळा भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असत आणि वाऱ्याने हलल्या की मालकीणबाई म्हणत, "भाऊ, ह्यासनं आयुष्य सगळं भोकेच भोके!"

या घरात, पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली ती वस्तू होती. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी मातीची फळी, मधे फुगीर, कडांना उतरती, खाकी रंगाची. एक कोपरा तुटलेला. दोन्ही बाजूंना बारीक खुणा, कावळ्याच्या पायांसारख्या, ओळीत मांडलेल्या. दर्शनी बाजूला चौदा ओळी.

त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात मजूर म्हणून आताच्या इराकमधील बसऱ्याला गेले होते. तिथे रेल्वेचा रस्ता खणताना मातीतून असल्या फळ्या निघत. बहुतेक खडीबरोबर भरावात गेल्या. वडिलांनी एक कमरेला बांधली आणि गावी आणली. बाबिलोनचे नाव त्यांनी कुठे ऐकले कोण जाणे, पण मुलाला त्यांनी तेच नाव सांगितले. आणि हेही सांगितले, जे घरमालक मला नेहमी त्यांच्याच बोलीत ऐकवत: "हाऊ कोना तरी कागद से. दुसराना कागद टाकाना नही." हा कुणाचा तरी कागद आहे, दुसऱ्याचा कागद टाकायचा नाही.

गावात या गोष्टीला कोणी मान दिला नाही. बसऱ्याहून परतलेल्या इतरांनी घड्याळ आणले, घोंगडी आणली. मालकीणबाईंनी सासऱ्यांना पाहिलेही नव्हते, तरी त्यांचा राग ताजा होता. "लोके सोनं लई येतंस. मना सासरा वीट लई उना! चूल बांधाले बी कामनी नही, एकच से." लोक सोने घेऊन येतात, माझा सासरा वीट घेऊन आला, आणि एकच असल्याने ती चुलीच्याही कामाची नाही.

"वीट नही से ती," घरमालक म्हणत.

"मग काय से?"

"नकशा से."

नकशा, म्हणजे विणायची नक्षी. हीच त्यांची चूक आणि हेच त्यांचे वेड. ती फळी म्हणजे लेख आहे, ते लोक मातीवर बोरूने लिहीत, हे मी वाचनालयातून माहिती आणून त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग विचारले, "तुम्ही जेकार्ड पाडलंय?" मी नाही म्हणालो. "मग राहू द्या." त्यांच्या मते ओळीओळींनी, ठरावीक अंतरावर, एकाच हत्याराने पाडलेल्या खुणा म्हणजे विणकराने पुढच्या विणकरासाठी ठेवलेला हिशोबच असणार; मनुष्य लिहिताना इतका नीट वागत नाही. तो बाबिलोनवाला आपल्याच धंद्यातला, याविषयी त्यांना शंका नव्हती. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाने विश्वास ठेवला तो एका मेलेल्या परदेशी माणसावर.

त्यांनी तो नकशा विणायला घेतला. फळीच्या चारी बाजूंना लाकडी चौकट केली, तिला टाचण्या ठोकल्या, त्यांवरून बारीक धागे आडवे-उभे ताणले. भिंगातून पाहत, धाग्यांच्या प्रत्येक घरात कोणती खूण कुठे पडते ते चौकटीच्या कागदावर उतरवले. उभी खूण, आडवी खूण, कोपऱ्याची खूण. एक संपूर्ण उन्हाळा यात गेला. मग पत्ते पाडले, ओळखीच्या कारखान्यातल्या मागावर सुट्टीच्या दिवशी चढवले आणि पांढऱ्यावर निळे असे हातभर कापड विणून आणले. माझ्यासमोर ते पलंगावर पसरले. फूल नाही, वेल नाही, कोयरी नाही. चौदा ओळी कावळ्याचे पाय.

मालकीणबाईंनी कापडाचे टोक उचलून पाहिले. "हाई कोन नेसई?" त्यांनी विचारले.

"त्यांच्या देशात हेच फूल असेल," घरमालक म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. नकशा कशाचा, हे सांगणारा कोणीतरी हवा, असे त्यांना त्या दिवसापासून वाटू लागले.

येथे मी प्रवेश करतो. मी ज्यांच्याकडे कारकून होतो त्या वकीलसाहेबांना जुन्या नाण्यांचा छंद होता आणि ते त्या मंडळाचे सभासद होते. मी अध्यक्षांना भेटलो, वस्तूचे वर्णन केले. अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी लिंबायतला आले. एवढ्या मोठ्या माणसाची मोटार आमच्या गल्लीत पहिल्यांदाच शिरली. त्यांनी फळी दोन्ही हातांत घेतली आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. ही निरखण्याची तऱ्हा मी तेव्हा आदराची समजलो. मग म्हणाले, मुंबईला एक तज्ज्ञ आहेत, ते हे वाचू शकतील.

"किती दिवस?" घरमालकांनी विचारले.

"काका, चिंता ना करो. मारी पासे छे एटले लॉकरमां छे."

माझ्याजवळ आहे म्हणजे लॉकरमध्ये आहे, असे आश्वासन. घरमालकांनी माझ्याकडे पाहिले. "पावती करा, वकीलसाहेब."

पावती मी केली. मुद्रांकाच्या कागदावर, माझ्या सर्वोत्तम अक्षरात. घरमालक चौकटीचा कागद घेऊन शेजारी बसले आणि सांगू लागले: "लिहा. पहिली ओळ, उभे अकरा, आडवे सात, कोपऱ्याचे चार. दुसरी ओळ…" मी पहिली ओळ लिहिली. अध्यक्ष गालात हसले. असला मजकूर आमच्या कार्यालयात कोणी पाहिला असता तर मला वेड लागले असे म्हटले असते. मी ती ओळ खोडली, खोडल्याची सही केली आणि घरमालकांना म्हणालो, "कायद्याला एवढी गरज नसते. वस्तूची ओळख पटेल इतके वर्णन पुरते." आणि लिहिले: 'लेखांकित मातीची फळी, एक नग, तळहाताएवढी, एक कोपरा तुटलेला.'

"ओळी नाही लिहिल्या," घरमालक म्हणाले.

"नको त्या."

"तुम्ही म्हणता तर नको."

त्रिपुरी पौर्णिमेला अध्यक्षांचा माणूस पुडके घेऊन आला. सोबत अभिप्रायपत्र: वस्तू अर्वाचीन असून प्रवाशांना विकण्यासाठी बनवलेली नक्कल आहे, लेख निरर्थक आहे. घरमालकांनी पत्र बाजूला ठेवले. फळी चौकटीत बसवली, धागे ताणले, भिंग डोळ्याला लावले. मी दारात उभा होतो. पाच मिनिटांनी त्यांनी भिंग खाली ठेवले.

"हाई ती नही."

मी विचारले, "पुरावा?"

त्यांनी कापड पसरले. पाचव्या ओळीवर बोट ठेवले, मग फळीच्या पाचव्या ओळीवर. कापडात नऊ उभ्या खुणा होत्या, तिसरी शेजारच्या आडव्या खुणेवर कललेली. फळीत सहा, सगळ्या सरळ. कोपरा मात्र हुबेहूब त्याच जागी तुटलेला. ज्याने ही नक्कल केली त्याने आकार घेतला, रंग घेतला, कोपरा घेतला. कावळ्याचे पाय मात्र त्याने मनाला येतील तसे मारले होते. ते कोण मोजत बसतो?

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हे कापड तुम्ही स्वतः विणलेले आहे. स्वतःच तयार केलेल्या वस्तूचा स्वतःच्या बाजूने आधार घेता येत नाही. शिवाय मोजताना चूक होऊ शकते."

त्यांनी कापड दुमडले. "मोजताना?" एवढेच म्हणाले.

पुढच्या रविवारी सभेला ते माझ्याबरोबर आले, घडी घातलेले कापड काखेत धरून. परत आलेली फळी माझ्या पिशवीत होती; अध्यक्षांनी ती मागून घेतली आणि उंच धरून सर्वांना दाखवली. नकली वस्तू कशी ओळखावी यावर दहा मिनिटे बोलले. मग हसत म्हणाले, "काकाना बापुजीने कोई बनावी गयुं." मागून कोणीतरी ओरडले, "के पछी बापुजीए काकाने बनाव्या!" सभागृह हसले. म्हणजे बापाला कोणीतरी फसवले, किंवा बापानेच मुलाला. घरमालक उभे राहिले. त्यांनी कापडाची एक घडी उलगडली. मग माझ्याकडे पाहिले, कारण तिथे बोलण्याचे काम माझे होते. मी खाली पाहिले. त्यांनी घडी पुन्हा घातली आणि बसले.

त्या वर्षाच्या माळेत त्या दिवसाच्या जागी भोक आहे की नाही, हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. बसऱ्याची गोष्ट त्यांनी त्यानंतर कोणालाही सांगितली नाही. नातवंडे सुट्टीत आली आणि "आजोबांच्या बापाची गोष्ट" मागू लागली, तर ते म्हणत, "ती खोटी होती म्हणे." मालकीणबाई, ज्यांनी तीस वर्षे त्या विटेवरून टोमणे मारले, त्या हे ऐकून उठून आत जात. एकदा आतून त्यांचा आवाज आला: "मना सासरा खोटा नव्हता. येडा व्हता."

पुढच्या वर्षी प्लेग आला. अर्धी गल्ली मिळेल त्या वाहनाने गावाकडे पळाली. मीही धुळ्याला बहिणीकडे गेलो. घरमालक हलले नाहीत. ही सगळी आवई घरे रिकामी करून त्यात शिरण्यासाठी कोणीतरी उठवली आहे, असे त्यांचे मत होते. मी परतलो तेव्हा ते जिन्यात उभे होते. त्यांनी मला माझ्या खोलीच्या कडीवर बांधलेला काळा धागा दाखवला. "गाठ पाहा. माझीच आहे. कोणी आलं नाही." सभेत ज्याने मान खाली घातली, त्याच्या चार भांड्यांची त्यांनी राखण केली होती.

चौथी तारीख. वकीलसाहेबांच्या टपालात संग्राहकांसाठी छापलेली एक सूची आली. जुन्या वस्तू विकायला काढणाऱ्या कोणा व्यापाऱ्याची, चकचकीत कागदाची. नाणी, पदके, ताम्रपट आणि मधल्या पानावर: 'प्राचीन बाबिलोनियन मृत्फलक, कोरीव लेखासह. एका जुन्या कौटुंबिक संग्रहातून.' शेजारी छायाचित्र, जवळजवळ मूळ आकाराचे. तुटलेला कोपरा.

कोणत्या कुटुंबातून, महाशय? कोणाच्या संग्रहातून?

मी ती सूची परवानगी न घेता कोटात घातली. माझ्या नोकरीतला तेवढाच एक गैरप्रकार. घरी आखाजी होती. मालकीणबाई पुरण वाटत होत्या. घरमालकांनी छायाचित्र पाहिले आणि पेटीतून कापड काढले. पहिल्या ओळीपासून सुरू केले. एक बोट कापडावर, एक छायाचित्रावर. मी मोठ्याने मोजत होतो, ते नुसती मान हलवत होते. पाचव्या ओळीत नऊ उभ्या. तिसरी कललेली. चौदाव्या ओळीपर्यंत एकही खूण इकडची तिकडे नव्हती. जो हे कापड नकशा समजून विणत होता, त्याने जगातल्या कोणत्याही पंडिताइतकी निर्दोष प्रत काढली होती, आणि मी त्याला म्हणालो होतो, मोजताना चूक होऊ शकते.

मालकीणबाई पुरणाच्या हातांनी मागे येऊन उभ्या होत्या. "तीच से?" त्यांनी विचारले.

"तीच से," ते म्हणाले. मग सूची मिटत, "मना बाप खोटं बोलना नही."

मी त्यांना कायद्याचे सर्व मार्ग सांगू लागलो. फिर्याद, दावा, पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना. त्यांनी हात वर केला. "वीट त्यांना राहू द्या. विकू द्या. फक्त त्याच सभेत, त्याच जागी उभं राहून सांगायला सांगा, की म्हातारा खरं बोलला होता. तेवढं लिहा."

मी अध्यक्षांना सात पत्रे लिहिली, सातही नोंदणीकृत, पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. तज्ज्ञांना लिहिलेली तिन्ही 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आली. सूची छापणाऱ्याने कळवले की वस्तू विकली गेली असून देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव गोपनीय आहे. अध्यक्षांचे एकच उत्तर आले, चार ओळींचे. ते जसेच्या तसे देतो: 'आपण स्वतः तयार केलेली पावती पाहावी. लेखांकित मातीची फळी, एक नग, तळहाताएवढी, एक कोपरा तुटलेला. या वर्णनाची वस्तू परत केली आहे. प्रकरण संपले.'

कायद्याच्या दृष्टीने या उत्तरात काहीही चूक नाही. त्या माणसाला निसटण्याएवढे दार मीच बांधून दिले होते. दुधाच्या मापातला अंगठा ज्याला दिसत होता, त्याचा संशय मी आयुष्यात एकदाच खोडून काढला, आणि तो नेमका खरा होता. जबाबदार असलेली तिसरी व्यक्ती म्हणजे हे लिहिणारा.

घरमालकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी यंत्र विकले आणि दोघे गावी गेले. जाताना कापड आणि ती परत आलेली फळी माझ्याजवळ ठेवली. दर दिवाळीला त्यांचे पाकीट येते. आत पत्र नसते. चाचपत हाताने पाडलेला एक पत्ता असतो, शेवटच्या ओळीत एक जागा पेन्सिलीने गोल करून कोरी सोडलेली. पहिल्या वर्षी मी कार्ड लिहून विचारले, ही जागा कशाची? नातवाच्या अक्षरात उत्तर आले: 'ती सभेची. उत्तर आलं की तुम्हीच पाडा. खिळा तापवून पाडला तरी चालेल.'

अध्यक्ष महाशय, पावतीतली ओळ मी खोडली आणि सभेत मी गप्प बसलो, हे माझे उत्तर मी येथे जाहीरपणे दिले आहे. आता आपण द्या. आपल्या मंडळाची सभा आजही त्याच सभागृहात, महिन्याच्या पहिल्या रविवारी भरते. परत केलेली फळी घेऊन मी येतो, ती सूची आणि हातभर निळे-पांढरे कापडही आणतो. सर्वांसमोर पाचवी ओळ मोजा, आणि मग ज्या तोंडाने एका मजुराला खोटे ठरवले त्याच तोंडाने सांगा, की बसऱ्याहून आलेली फळी कोणती होती आणि ती आपल्या लॉकरमधून कुठे गेली. मला खासगी पत्र पाठवू नये. ते मी उघडणार नाही.